समुद्रात वादळ, मेंढरं मेली शिरूरला : हवामान खात्याचा इशारा कसा वाचायचा, आला की काय करायचं?

शिरूर / दौंड : मोबाइलवर मेसेज येतो, 'पुणे जिल्ह्याला यलो अलर्ट'. आपण वाचतो, ग्रुपवर पुढं ढकलतो आणि मोटार चालू करायला निघून जातो. दोन दिवस ढग येतात-जातात, थेंब पडत नाही. मग पुढच्या वेळी मेसेज आला की आपणच म्हणतो, "ह्यांचं काय खरं नसतं." आणि नेमकं त्याच वेळी नुकसान होतं.

इशारा चुकतो कधीकधी, ते खरं आहे. पण बऱ्याच वेळा इशारा बरोबर असतो, आपल्याला तो वाचता येत नाही. पिवळा म्हणजे नेमकं काय? 'तुरळक ठिकाणी' म्हणजे आपलं गाव का शेजारचं? मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका म्हणतात, त्याचा मांडवगण फराट्याशी किंवा पाटसशी काय संबंध? ही सगळी माहिती एका ठिकाणी असावी म्हणून हा लेख. मोठा आहे, पण सेव्ह करून ठेवा. लागेल तेव्हा काढून बघता येईल.

समुद्राचा आणि आपला संबंध काय?

आपल्यापासून समुद्र लांब, मध्ये सह्याद्री. त्यामुळं कोकणातल्या वादळाची बातमी आपण परक्याची म्हणून वाचतो. गेल्या काही वर्षांतल्या या तीन घटना बघा.

पहिली, ३ जून २०२०. 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. तिथून ते घाट चढून पुणे जिल्ह्यात आलं. घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब पडले, मावळ, खेड, जुन्नरकडं पॉलिहाऊस भुईसपाट झाले. किनाऱ्यावर होता तेवढा जोर घाट चढल्यावर राहिला नव्हता, तरी एवढं झालं.

दुसरी, ऑक्टोबर २०२०. हे वादळ आपल्या समुद्रातलं नव्हतंच. बंगालच्या उपसागरात तयार झालं, १३ ऑक्टोबरला आंध्रात काकीनाडाजवळ जमिनीवर आलं, तेलंगणातून सरळ पश्चिमेला सरकत १४ तारखेला सोलापूर, इंदापूर, बारामती, दौंडवर आलं. परतीचा पाऊस म्हणून लोक निवांत होते. एका रात्रीत ओढ्यांना कधी न बघितलेलं पाणी आलं. दौंड तालुक्यात दुचाकीवरून ओढा ओलांडताना माणसं वाहून गेली. पूर्वेकडचं वादळ पश्चिमेला येऊन माणसं घेऊन गेलं.

तिसरी, १ आणि २ डिसेंबर २०२१. ही आपल्या शिरूर, आंबेगाव, जुन्नरची. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होतं. महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असा इशारा दिला होता. आपल्याकडं १ तारखेला दिवसभर भुरभूर पाऊस, रात्री जोराचा पाऊस आणि झोंबणारं गार वारं. सकाळी उजाडलं तेव्हा उघड्यावर वाघरीत बसवलेली शेकडो शेळ्या-मेंढ्या थंडीनं काकडून मेलेल्या होत्या.

यातलं थोडं माझंच सांगतो. त्या दिवशी आमच्या शिवारात एका मेंढपाळाचा वाडा बसला होता. इशाऱ्याचा मेसेज माझ्याकडं आदल्या दिवशी दुपारीच आला होता. मी बातमी तयार केली, टाकली, ग्रुपवर लिंक पाठवली. दोन शेतं पलीकडं जाऊन त्या माणसाला तोंडानं सांगायचं काही मला सुचलं नाही. त्याच्याकडं साधा फोन, तोही चार्ज नसलेला. सकाळी गेलो तर दहा-बारा मेंढरं आडवी होती आणि त्याची कारभारीण कोकरं पदराखाली घेऊन बसली होती. तो म्हणाला, "दादा, तुमाला आदीच ठावं व्हतं व्हय?" त्याला काय उत्तर देणार.

तेव्हापासून इशारा नुसता छापायचा नाही, पोचवायचा, हे मनाशी धरलंय. म्हणून हे सगळं लिहितोय.

रंगांचा अर्थ

हवामान खातं चार रंग वापरतं. रंग म्हणजे नुसता पाऊस किती पडणार याचा आकडा नव्हे. धोका किती, नुकसानीची शक्यता किती आणि आपण काय करायचं, हे तो सांगतो.

• हिरवा : इशारा नाही. आपापली कामं करा.

• पिवळा (यलो) : लक्ष ठेवा. हवामान बदलू शकतं. काम थांबवायची गरज नाही, पण दर दोन-तीन तासांनी ताजा अंदाज बघा. कांदा काढायला मजूर सांगितले असतील तर ताडपत्री हाताशी ठेवा.

• केशरी (ऑरेंज) : तयारीत राहा. त्रास होण्याची शक्यता चांगलीच आहे. नदीवरच्या मोटारी, उघड्यावरचा माल, जनावरं यांची सोय आजच करा, उद्यावर ढकलू नका.

• लाल (रेड) : आता कृती करा. घराबाहेर पडायचं टाळा, पाण्याजवळ जाऊ नका, गावातून किंवा तहसील कार्यालयातून सूचना आली तर लगेच ऐका.

एक लक्षात ठेवा. मेसेजवर तारीख आणि वेळ असते, आणि इशारा कोणत्या तारखेपर्यंत आहे तेही असतं. कालचा लाल इशारा आज पिवळा झालेला असू शकतो आणि पिवळ्याचा दोन तासांत लालही होतो.

'मुसळधार' म्हणजे किती?

आपण बोलताना 'लई पाऊस झाला' म्हणतो. खात्याचं माप ठरलेलं आहे. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशा २४ तासांत मोजतात.

• हलका : २.५ ते १५.५ मिलिमीटर
• मध्यम : १५.६ ते ६४.४ मिलिमीटर
• जोरदार (मुसळधार) : ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर
• अति जोरदार : ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर
• अत्यंत जोरदार : २०४.४ मिलिमीटरच्या पुढं

६५ मिलिमीटर म्हणजे किती पाणी, याचा हिशोब सोपा आहे. एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ४ हजार लिटर पाणी. ६५ मिलिमीटर म्हणजे एकरी दोन लाख साठ हजार लिटरच्या पुढं. दहा हजार लिटरचे २६ टँकर एका एकरात ओतल्यासारखं. आपल्या भागात वर्षाची सरासरीच पाचशेच्या आसपास, म्हणजे एका दिवसात वर्षाच्या आठव्या हिश्श्याएवढा पाऊस.

६५ मिलिमीटरचा आकडा आणखी एका कामाचा आहे. तुमच्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढं पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी धरतात आणि मदतीसाठी पंचनाम्याचा मार्ग त्यानं मोकळा होतो. मंडळातला पाऊस राज्य सरकारच्या 'महावेध' प्रकल्पातल्या स्वयंचलित केंद्रांवर मोजला जातो. आपलं गाव कोणत्या मंडळात येतं, हे तलाठ्याकडून आजच माहीत करून घ्या.

'तुरळक ठिकाणी' चा अर्थ

इथंच बहुतेकांची गफलत होते. अंदाजातले शब्द असे वाचायचे :

• तुरळक (एक-दोन) ठिकाणी : त्या भागातल्या शंभरातल्या २५ किंवा त्याहून कमी ठिकाणी
• काही ठिकाणी : २६ ते ५० ठिकाणी
• बऱ्याच ठिकाणी : ५१ ते ७५ ठिकाणी
• बहुतांश ठिकाणी : ७६ च्या पुढं

म्हणजे 'तुरळक ठिकाणी गारपीट' असा इशारा असेल तर चारातल्या तीन गावांत काहीच होणार नाही. न्हावऱ्यात गार पडली आणि निमोण्यात ऊन राहिलं, तरी अंदाज बरोबरच आला असं म्हणायचं. आपल्या गावात पडलं नाही म्हणून अंदाज खोटा ठरत नाही. पण ते एक गाव आपलं निघालं तर? म्हणून तुरळक म्हटलं तरी तयारी ठेवायची.

जिल्हा एक, हवामान दोन

पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो. पूर्वेला आपण पर्जन्यछायेत. त्यामुळं 'पुणे जिल्ह्याला रेड अलर्ट' असं टीव्हीवर दिसलं तर आधी बघा, इशारा घाट परिसराला आहे का मैदानी भागाला. पावसाळ्यात बऱ्याचदा तो घाटाला असतो.

पण घाटाचा इशारा म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. घाटातला पाऊस आपल्याकडं आभाळातून येत नसला तरी नदीतून येतो.

• मुळा-मुठा : खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पवना, मुळशी या धरणांचं सोडलेलं पाणी पुण्यातून बंडगार्डनमार्गे खाली येतं आणि रांजणगाव सांडस-पारगाव परिसरात भीमेला मिळतं. राहू बेटातली गावं, पारगाव, नानगाव आणि पुढं दौंड शहर याच वाटेवर.

• भीमा : चासकमान धरणाचं पाणी खेडमधून शिरूरच्या हद्दीत, कोरेगाव भीमा, विठ्ठलवाडीकडून खाली.

• घोड : डिंभे धरणाचं पाणी आणि कुकडीचं पाणी टाकळी हाजीच्या बाजूनं शिरूर शहराजवळून चिंचणीच्या घोड धरणात. तिथून सुटलं की तांदळी, इनामगावच्या पट्ट्यात.

'खडकवासल्यातून ११ हजार क्युसेक विसर्ग' असं वाचलं तर अर्थ असा : एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. साधारण साडेअकरा हजार क्युसेकनं २४ तास पाणी सोडलं तर एक टीएमसी पाणी खाली येतं. आकड्यापेक्षा तो वाढतोय का कमी होतोय, हे बघायचं. सकाळी पाच हजार, दुपारी पंधरा हजार असं होत असेल तर रात्रीची वाट बघू नका. नदीवरच्या मोटारी, पाइप, स्टार्टर दिवसा उजेडी वर घ्या. रात्री अंधारात मोटार काढायला कोणी एकट्यानं नदीत उतरू नये. मोटार परत घेता येते. बंधाऱ्याचे ढापे काढायचे राहिले असतील तर ग्रामपंचायतीला लगेच कळवा, पाणी चढल्यावर ते निघत नाहीत.

ओढ्याचं गणित वेगळं. नदीचं पाणी सांगून येतं, ओढ्याचं येत नाही. आपल्या डोक्यावर पाऊस नसताना वर कुठंतरी झालेला पाऊस अर्ध्या तासात पुलावर येतो. मे २०२५ मध्ये दौंड, बारामती, इंदापूरला ऐन उन्हाळ्यात पावसानं झोडपलं, पुणे-सोलापूर महामार्गावरही पाणी आलं होतं. पुलावर पाणी वाहतंय आणि खालचा रस्ता दिसत नाही, एवढं दिसलं की गाडी मागं वळवायची. गुडघाभर वाहत्या पाण्यात माणसाचा पाय टिकत नाही, दुचाकी तर त्याच्याही आधी जाते.

वादळाचे शब्द

बातमीत हे शब्द येतात, त्यांचा क्रम असा, वाऱ्याच्या वेगावरून :

• कमी दाबाचं क्षेत्र : ही सुरुवात. वारा ताशी ३१ किलोमीटरच्या आत.
• डिप्रेशन : ३१ ते ४९ किलोमीटर
• डीप डिप्रेशन : ५० ते ६१ किलोमीटर
• चक्रीवादळ : ६२ ते ८८ किलोमीटर. इथून पुढं त्याला नाव देतात.
• तीव्र चक्रीवादळ : ८९ ते ११७ किलोमीटर. त्याच्या पुढं अति तीव्र वगैरे.

नाव नसलेलं वादळ म्हणजे किरकोळ, असं धरू नका. ऑक्टोबर २०२० ला दौंडला बुडवणारं डीप डिप्रेशन होतं, त्याला नावच नव्हतं. डिसेंबर २०२१ चं तर नुसतं कमी दाबाचं क्षेत्र.

किनाऱ्यावर चक्रीवादळाचा इशारा टप्प्याटप्प्यानं येतो. ७२ तास आधी पहिली सूचना, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा, २४ तास आधी पक्का इशारा. चौथा टप्पा आपल्या कामाचा. वादळ जमिनीवर येण्याच्या साधारण १२ तास आधी, ते आत कुठल्या जिल्ह्यांकडं सरकणार हे सांगतात. कोकणात वादळ येणार म्हटल्यावर शिरूर-दौंडकरांनी हा चौथा टप्पा शोधून वाचायचा.

बंदरावर 'तीन नंबरचा बावटा' लावला, अशी बातमी येते. तो बंदराला सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका आहे म्हणून मच्छीमारांना दिलेला इशारा असतो. आपल्याला बावट्याचं काम नाही. पण नोव्हेंबर ते मार्च या काळात, म्हणजे पावसाळा नसताना, मच्छीमारांना समुद्रात जाऊ नका असं सांगितलं तर आपणही आपल्या जिल्ह्याचा अंदाज त्याच दिवशी उघडून बघायचा. अवकाळीची वर्दी बऱ्याचदा तिकडून येते.

थंडीतला पाऊस : मेंढरं, ऊसतोड, कांदा

नुसत्या थंडीनं मेंढरू सहसा मरत नाही, अंगावर लोकर असते. नुसत्या पावसानंही नाही. पण लोकर भिजली, वर गार वारं सुटलं आणि पोटात चारा नाही, असं तिन्ही जुळलं की अंगातली ऊब काही तासांत निघून जाते. पहिली जातात ती कोकरं, म्हातारी आणि गाभण मेंढरं. नुकतीच लोकर कातरलेली असतील तर धोका दुप्पट.

इशारा आला तर :

• कातरणी पुढं ढकला.
• वाडा नदीकाठ, ओढ्याचा पोट किंवा खोलगट रानातून उचलून उंच, निचऱ्याच्या जागी न्या.
• वारा अडवा. वरून छप्पर नसलं तरी चालेल, पण ज्या बाजूनं वारं येतं तिकडं ताडपत्री, पाचटाच्या पेंढ्या, बैलगाडी, काहीही उभं करा.
• संध्याकाळी पोटभर वाळला चारा द्या. पचताना अंगात ऊब तयार होते.
• कोकरं, करडं गोणपाटात गुंडाळून कोरड्यात ठेवा.
• सकाळी एखादं मेंढरू काकडलेलं असेल तर कोरड्या पोत्यानं चोळा, कोमट पाणी पाजा आणि १९६२ वर पशुवैद्यकीय पथकाला फोन करा.

शेतकऱ्यांनी एक करावं. ज्याच्या रानात वाडा बसलाय, त्याला निरोप देणं हे रानमालकाचं काम समजा. खतासाठी आपणच मेंढरं बसवतो ना? मग पावसाच्या रात्री गोठा, शेड, रिकामी चाळ किंवा शाळेचा व्हरांडा मिळवून देणं हेही आलंच.

तीच गोष्ट ऊसतोड टोळ्यांची. थंडीच्या दिवसांत आपल्या दोन्ही तालुक्यांत कोप्या पडलेल्या असतात, लहान लेकरांसकट. कोपी पाचटाची आणि प्लॅस्टिकची, वाऱ्यात टिकत नाही. मुकादमाला फोन करा, चिटबॉयला सांगा, काही नाही तर स्वतः जा. बंद कोपीत किंवा बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कोणी झोपू नये, तो धूर झोपेतच जीव घेतो.

कांद्याचं : काढलेला कांदा रानात पातीसकट पडला असेल तर आधी तो गोळा करून झाका. बराखीच्या वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री सोडा, पण पाऊस उघडला की लगेच काढा, नाहीतर आत घाम धरून कांदा सडतो. उभ्या कांद्याला, गव्हाला, ज्वारीला इशाऱ्याच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. ओल्या रानात वारं सुटलं की पीक लोळतं. फवारणी आणि खतही दोन दिवस थांबवा, पैसे पाण्यात जातात.

वीज आणि गारपीट

मार्च ते जून आणि परतीच्या पावसात विजेचा धोका जास्त. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे तुम्ही धोक्यात आहात. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

झाडाखाली थांबू नका, जनावरंही झाडाला बांधू नका. मोटार चालू-बंद करायला स्टार्टरजवळ जाऊ नका. तारेच्या कुंपणापासून, लोखंडी खांबापासून लांब राहा. विहिरीत, तळ्यात असाल तर बाहेर या. उघड्या रानात अडकलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, कान झाका, झोपू नका. चार जण असाल तर एकमेकांपासून लांब बसा.

एक गैरसमज मोडा. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास बंद असेल तर छातीवर दाब द्यायला लगेच सुरुवात करा, १०८ ला फोन लावा.

गारपीट बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, दुपारनंतर. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर झालेली गारपीट अजून लोकांच्या लक्षात आहे. गारा चालू असताना पिकाकडं धावू नका. आधी डोकं झाका, आडोसा घ्या.

थंडीची लाट कधी म्हणतात?

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा खाली आणि त्या तारखेच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी कमी झालं की थंडीची लाट. नुसतं गार वाटलं म्हणून नाही. पहाटे द्राक्ष, डाळिंब, भाजीपाल्याच्या रानाला हलकं पाणी दिलं तर जमिनीची ऊब टिकते. म्हातारी माणसं आणि दमेकरी यांची काळजी घ्या.

इशारा कुठं बघायचा?

• मौसम : हवामान खात्याचं ॲप. जिल्ह्याचा इशारा रंगासकट.
• दामिनी : पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम संस्थेचं. आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरमध्ये वीज पडतेय का ते दाखवतं.
• मेघदूत : शेतकऱ्यांसाठी, मराठीत. पीक सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो.
• सचेत : राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं, सगळ्या प्रकारच्या इशाऱ्यांसाठी.

वादळी पावसाच्या दिवशी 'तीन तासांचा इशारा' सगळ्यात कामाचा. त्याला नाउकास्ट म्हणतात. पुढच्या तीन तासांत कुठं विजा, कुठं वारं, हे त्यात असतं.

मोबाइल एकदम मोठ्यानं वाजून पडद्यावर मेसेज येतो, तो सरकारी आपत्कालीन इशारा असू शकतो. २०२३ मध्ये त्याची चाचणी झाली तेव्हा अनेक जण घाबरले होते. तो मेसेज आला तर बंद करायच्या आधी वाचा.

व्हॉट्सॲपवर आलेला इशारा पुढं पाठवायच्या आधी तीन गोष्टी बघा : तारीख, जिल्ह्याचं नाव आणि कुणी दिलाय ते. तारीख नसलेला मेसेज पुढं पाठवू नका. जुने व्हिडिओ दर पावसाळ्यात परत फिरतात.

नुकसान झालं तर

• फोटो काढा, तारीख-वेळ आणि ठिकाण दिसेल असे. मेलेलं जनावर पंचनाम्याआधी पुरू नका.
• तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांना त्याच दिवशी कळवा. तोंडी सांगितलं तरी मेसेजही टाका, पुरावा राहतो.
• जनावर मेलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो.
• २०२२ ते २०२६ च्या आपत्ती निकषांप्रमाणं मदत : माणूस दगावल्यास वारसांना ४ लाख रुपये, दुभती गाय किंवा म्हैस ३७ हजार ५००, बैल ३२ हजार, शेळी-मेंढी ४ हजार रुपये. जनावरांच्या संख्येला मर्यादा असते.
• पीक विम्याच्या अटी हंगामानुसार बदलतात. विमा भरतानाच विचारा, गारपीट किंवा जागेवरचं नुकसान त्यात धरलंय का. धरलं असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. विम्याचा टोल फ्री नंबर १४४४७.

फिरते मेंढपाळ पंचनाम्यात अडकतात, कारण मेंढरं एका गावात मरतात आणि कागद दुसऱ्या गावात असतात. आधार कार्डाची आणि बँक पासबुकाची झेरॉक्स बिऱ्हाडात सोबत ठेवा. ज्या गावात नुकसान झालं तिथल्या तलाठ्याकडूनच पंचनामा करून घ्यायचा, आपल्या गावी जाऊन नाही.

हे नंबर भिंतीवर लिहून ठेवा

• ११२ : कोणतीही आपत्कालीन मदत
• १०८ : रुग्णवाहिका
• १०७७ : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष
• १०७० : राज्य नियंत्रण कक्ष
• १९१२ : वीज तुटली, खांब पडला
• १९६२ : पशुवैद्यकीय पथक
• १८००-१८०-१५५१ : किसान कॉल सेंटर

शेवटचं

हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाकडं स्मार्टफोन आहे. पण ज्यांना इशाऱ्याची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्याकडं बहुतेक तो नसतो, किंवा असला तरी चार्जिंग नसतं. नदीकाठी एकटं राहणारी म्हातारी, वीटभट्टीवरची कुटुंबं, कोपीतली टोळी, वाघरीतला मेंढपाळ. केशरी इशारा आला की ग्रामपंचायतीच्या, देवळाच्या स्पीकरवरून एकदा पुकारा करा. स्पीकर पोचत नाही तिथं गाडीला किक मारून जा.

आता आमच्या शिवारात वाडा बसला की मी पहिल्यांदा एकच विचारतो, "फोन कुणाचा चालू हाय?" कुणाचाच नसला तर इशारा आल्यावर चालत जातो. लांब नाही, दोनच शेतं आहेत.